जो हाक मारेल त्याला

२ सप्टेंबर, सोमवार

आलो एकदाचे! सामान काल संध्याकाळी पोचलं आणि आम्ही तिघी आज सकाळी. तिघी म्हणजे मी, सासूबाई आणि भिंगरी. भिंगरी हे काही माझ्या मुलीचं कागदावरचं नाव नाही, पण सहा वर्षांत ती एका जागी दोन मिनिटं बसलेली कुणी पाहिलेली नाही, त्यामुळे दुसरं नाव तिला शोभलंही नसतं. नवरा जहाजावर आहे. डिसेंबरपर्यंत त्याची भेट रविवारच्या फोनवर. म्हणजे घर लावणं, मुलीची शाळा, माझी नवी नोकरी, सगळं माझ्याच गळ्यात. पण खरं सांगायचं तर मला मजा वाटतेय.

घर चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ऐसपैस गच्ची. सासूबाईंनी आल्या आल्या खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून मला धूळ दाखवली, जणू मीच ती बरोबर आणली होती. भिंगरीने जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. एकदा बावीस आल्या, एकदा तेवीस. तिसऱ्यांदा मोजायला खाली गेली ती शेजाऱ्यांचं कुत्रं घेऊनच वर आली. सासूबाई पलंगावर चढून बसल्या आणि मी हसून हसून पोट धरलं.

रोजनिशीची सवय मधे सुटली होती. नव्याचे नऊ दिवस म्हणा हवं तर, पण आजपासून पुन्हा धरली आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार

कामाचा पहिला दिवस. संस्था जुने नकाशे जपते. शंभर-शंभर वर्षांचे नकाशे, नदी कुठे वळली, रस्ता कुठून गेला, सगळ्यांची छायाचित्रं काढून ती कॉम्प्युटरवर साठवायची. त्यासाठी तळमजल्यावर एक लांबलचक दालन आहे. त्यात लोखंडी मांडण्यांवर चाळीस यंत्रं, एकावर एक दहा अशा चार रांगा. एकालाही मॉनिटर नाही. कीबोर्ड नाही, माऊस नाही. नुसती काळी खोकी, प्रत्येकाला एक हिरवा दिवा आणि मागून एक केबल. दालन थंडगार, सतत एकाच सुरातली घरघर.

साहेब म्हणाले की चाळीस यंत्रांवर सगळं नवं करायचं आहे, जुनी सिस्टिम पुसून नवी बसवायची, आणि पुढे दर तीन महिन्यांनी हेच. एकेक मॉनिटर जोडून, समोर बसून करायला माणूस कुठून आणायचा? तेव्हा मी अशी सोय करायची की बटण दाबलं की यंत्राने आपलं आपण सगळं उरकावं. मला हे काम येतं. त्यासाठीच तर घेतलंय मला.

दालनाचा राखणदार म्हणजे एक वायरमन. सगळे त्याला मौनीबुवा म्हणतात. दिवसभरात त्याने मला एकच वाक्य ऐकवलं, की आत येताना स्वेटर आणत जा ताई.

५ सप्टेंबर, गुरुवार

भिंगरीने विचारलं की आई, तू ऑफिसात काय करतेस. मी तिला समजेल असं सांगितलं. तेच इथे लिहून ठेवते, कारण मला ते बऱ्यापैकी जमलं.

नवं यंत्र सुरू होतं तेव्हा त्याला काही म्हणजे काही येत नसतं. आपण कोण हेही ठाऊक नसतं. मग ते केबलमधून हाक मारतं: कोणी आहे का? मला काही देता का? दुसऱ्या टोकाला मोठं यंत्र, सर्व्हर, बसलेलं असतं. ते म्हणतं, मी आहे, हे घे. आणि त्याला सिस्टिम पाठवायला लागतं. ती बसता बसता यंत्राला शंभर प्रश्न पडतात. भाषा कोणती? घड्याळ कुठल्या वेळेवर लावू? माझं नाव काय? डिस्कवर जुनं काही आहे, पुसू का? एरवी हे प्रश्न स्क्रीनवर येतात आणि माणूस उत्तरं देतो. पण इथे स्क्रीनच नाही. म्हणून आईने सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेवायची. यंत्र प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर तयार.

भिंगरी म्हणाली, म्हणजे तू त्यांना कॉपी पुरवतेस. सासूबाई आतून म्हणाल्या की पोरगी वकील होणार.

आज फाईल लिहिलीही. जुनं पुसायचं? हो. जुन्याची एक प्रत बाजूला ठेवायची? इथे उत्तर लिहिलं: नाही. त्या डिस्कांवर ठेवण्यासारखं होतं तरी काय!

१० सप्टेंबर, मंगळवार

सहा यंत्रं झाली. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं. काम संपलं की यंत्र तीनदा पीप करतं आणि माझ्या लॅपटॉपवर त्याचा अहवाल येतो: काय पुसलं, काय बसवलं, किती टक्के झालं. भिंगरीला मी तो आवाज करून दाखवला तर आता ती जेवण संपलं की तीनदा पीप करते.

दालनाच्या दारावर मी पाटी लावली: काम चालू असताना वीज तोडू नये. मौनीबुवांना कारण समजावलं. जुनं अर्धं पुसलेलं, नवं अर्धं बसलेलं, अशा वेळी वीज गेली तर यंत्र जुनंही राहत नाही आणि नवंही होत नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. मग ते खोकं कायमचं मेलं. त्यांनी मान डोलावली आणि पाटीला चौथा खिळा मारला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सातवं यंत्र अडकलं. तीन तास झाले तरी पीप नाही. त्याने काहीतरी विचारलं असणार ज्याचं उत्तर फाईलमध्ये नाही, आणि ते उत्तराची वाट पाहत बसलंय. काय विचारलंय ते दिसायला स्क्रीन नाही. एवढी हुशार मी, आणि एका खोक्यासमोर हात जोडून उभी! साहेब दोनदा डोकावून गेले. दुसऱ्यांदा नुसतं घड्याळ बघून गेले, ते जास्त लागलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेची पाण्याची टाकी फुटली म्हणून सुट्टी. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. मग भिंगरीला ऑफिसात नेलं. साहेब हसून हो म्हणाले.

आज दोन युक्त्या केल्या आणि काम सुतासारखं सरळ झालं. पहिली: आतापर्यंत मी एकेका यंत्राचा नंबर सर्व्हरच्या यादीत घालत होते. ती यादीच काढून टाकली. आता जो हाक मारेल त्याला सिस्टिम मिळेल. दुसरी: उत्तरांच्या फाईलच्या शेवटी एक ओळ टाकली: याखेरीज काहीही विचारलं तर उत्तर हो. संपला प्रश्न. दुपारपर्यंत एकोणीस यंत्रं झाली. साहेबांनी चहा मागवला.

भिंगरी माझा स्वेटर घालून दालनात बसली होती, मांडणीला पाठ टेकून. यंत्रांच्या सुरात सूर लावून गुणगुणत होती. मग माझी नक्कल सुरू झाली. तोंडाशी हाताचा कर्णा करून ओरडायची: कोणी आहे का? मला काही देता का? मौनीबुवासुद्धा हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. नंतर पाहते तर ही तिथेच गाढ झोपलेली. मी कडेवर घेतली. दिवसा कधी झोपत नाही ती.

चार वाजून दहा मिनिटांनी एक अहवाल आला. यंत्र एक्केचाळीस. यंत्रं आहेत चाळीस. मोजण्यात काही घोळ झाला असेल, उद्या बघते.

१४ सप्टेंबर, शनिवार

चाळीसच्या चाळीस पूर्ण. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी उगाच मान खाली घातली, पण आतून गुदगुल्या होत होत्या.

एक्केचाळीस मात्र अजून चालूच आहे. दोन टक्के. मौनीबुवांबरोबर चारही रांगा मोजल्या, केबलीही मोजल्या. चाळीस. अहवालात लिहिलंय (मुळात ते तुटक शब्द असतात, मी आपल्या भाषेत उतरवते): स्क्रीन नाही. कीबोर्ड नाही. केबल नाही. उष्णता सदतीस अंश. जागा पुष्कळ.

केबल नाही तर सर्व्हरशी बोलतंय कसं? सोमवारी बघू. सगळं एकाच दिवशी सुटलं तर पगार कशाचा!

१६ सप्टेंबर, सोमवार

भिंगरी सकाळपासून गप्प. पायऱ्या उतरताना मोजल्या नाहीत. शेजाऱ्यांचं कुत्रं शेपूट हलवत आलं तर त्याच्याकडे असं पाहिलं की हे काय नवीन. सासूबाई म्हणतात नवी जागा, नवी शाळा, पोर जरा बुजलंय. मलाही तसंच वाटतं.

अहवाल: सहा टक्के. खाली पुसलेल्या फाईलींची यादी. नावं विचित्र आहेत. आमच्या यंत्रांवर नकाशांचे नंबर असतात. इथे: जिन्याच्या पायऱ्या. कुत्र्याचं ओलं नाक. टाकीचं पाणी शाळेत.

कुणीतरी माझी चेष्टा करतंय. पण कोण करणार? या गोष्टी कुणाला माहीत?

१८ सप्टेंबर, बुधवार

शाळेच्या बाईंनी बोलावलं होतं. नावाने हाक मारली तर भिंगरी वळून बघत नाही म्हणाल्या. कान तपासून घ्या. संध्याकाळी मी घरी तिच्या पाठीमागे उभी राहून हळूच बिस्किटाचा पुडा फोडला तर लगेच वळली. कान ठीक आहेत. मग नावाने हाक मारली. वळली नाही. भिंगरी म्हटलं. तरीही नाही.

दुपारच्या अहवालात एक प्रश्न होता आणि त्यापुढे उत्तर: जुने नाव सापडले. काढायचे? हो.

मी ते तीनदा वाचलं. मग उठून पाणी प्यायले. योगायोग असतात माणसाच्या आयुष्यात.

२१ सप्टेंबर, शनिवार

भिंगरीला ताप. सकाळी सव्वानऊला मी थर्मामीटर लावला: अडतीस पूर्णांक सहा. औषध दिलं, सासूबाईंच्या हवाली केलं आणि अर्ध्या दिवसासाठी ऑफिसात गेले.

एक्केचाळीस. सव्वानऊ वाजता. उष्णता अडतीस पूर्णांक सहा.

घरी फोन केला, सासूबाईंना म्हटलं पुन्हा ताप बघा. त्या करवादल्या, पण बघितला. सदतीस पूर्णांक नऊ. मी फोन कानाला धरूनच स्क्रीनकडे पाहत होते. आकडा बदलला. सदतीस पूर्णांक नऊ.

मग मागचे सगळे अहवाल काढले. रोज सकाळी सात वाजता जागं होतं. रात्री साडेआठला स्वस्थ होतं. गुरुवारी नऊला झालं होतं. गुरुवारी तिला झोपवायला उशीर झाला होता.

मीच केलं हे. ती दालनात बसून हाक मारत होती आणि दार मी उघडं टाकलं होतं.

२२ सप्टेंबर, रविवार

ऑफिस बंद, पण वायरमनकडे किल्ली असते. त्याला बोलावून घेतलं, आत गेले. शेवटची ती ओळ फाईलमधून काढून टाकली. सर्व्हरची यादी पुन्हा लावली. दहा मिनिटांनी अहवाल: उत्तरे सुरुवातीलाच घेतलेली आहेत.

बरोबरच आहे. यंत्र फाईल एकदाच वाचतं, सुरू होताना. हे मीच लोकांना शिकवते.

जुन्याची प्रत? सुरुवातीच्या ओळीतच उत्तर होतं. सगळ्या फाईलमध्ये मी एकच ‘नाही’ लिहिलं होतं, आणि ते नेमकं तिथे.

वायरमनला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल, निदान दूर सरकेल. तो म्हणाला की मी खटका पाडतो ताई, सगळं बंद करतो. मी त्याचा हात धरला. अर्धं पुसलेलं, अर्धं बसलेलं. त्यालाही ते आठवलं. दोघेही त्या पाटीखाली उभे राहिलो.

नवऱ्याचा फोन आला. भिंगरीने घेतला. हो, नाही, बरी आहे, असं नीट बोलली आणि फोन जागेवर ठेवला. तो नंतर मला म्हणाला की किती मोठी झाली गं. मी हो म्हटलं. समुद्रात बसलेला माणूस काय करणार?

२३ सप्टेंबर, सोमवार

चौतीस टक्के.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली. प्रकृती ठणठणीत. जागा बदलली की मुलं अशी करतात, थोडा वेळ द्या. मी अहवालाचा कागद काढला आणि पुन्हा पर्समध्ये ठेवला. मला कुठल्या डॉक्टरकडे पाठवलं असतं ते मला कळतं.

साहेबांना मात्र सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की दप्तरी चाळीस यंत्रांची नोंद आहे, एक्केचाळिसावं नाहीच, तेव्हा अहवालांच्या यादीतली ती ओळ खोडा आणि दोन दिवस रजा घ्या. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना दिसत नाही.

ओळ खोडली असती तर अहवाल यायचे थांबले असते. बाकी काही थांबलं नसतं. मी खोडली नाही.

आजची यादी: बाबांचा दाढीचा साबण. गच्चीवरून दिसणारी लाल मोटार. आजी घोरते. पोहायची भीती. आई न्हाणीघरात रडली, मी पाहिलं.

मला माहीतच नव्हतं की तिने पाहिलं होतं. मागच्या वर्षी, नवरा जहाजावर गेला त्या दिवशी. नळ सोडून रडले होते. तिने वर्षभर जपून ठेवलं आणि मला कळू दिलं नाही. आता ते कुठेच नाही, या वहीत सोडून.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पन्नास.

सासूबाई खुश आहेत. पोरीला वळण लागलं म्हणतात. ताटात काही टाकत नाही, कपड्यांच्या घड्या घालते, हाक मारली की उभी राहते. सगळ्यांना अहो-जाहो करते. मलासुद्धा. तुम्ही पाणी घेणार का, असं विचारलं मला. मी सासूबाईंवर ओरडले. इतक्या वर्षांत कधी ओरडले नव्हते. त्या घाबरल्या.

ठरवलं, पुसलं जाईल ते मी पुन्हा सांगेन. दिवसभर तिला मांडीवर घेऊन सांगत बसले. पायऱ्या बावीस की तेवीस. कुत्र्याचं नाक. जन्मली तेव्हा केस उभे होते ते. ती ऐकत होती. एकदा तर हसली, जुन्यासारखं, एका गालाने. मी हुरळून गेले.

संध्याकाळचा अहवाल. बाहेरून मजकूर येत आहे. कायमचा अडवायचा? हो.

२५ सप्टेंबर, बुधवार

तिला माझा आवाज येत नाही.

आजीचा येतो. रस्त्यावरचे भोंगे येतात. मी बोलते तेव्हा ती माझ्या ओठांकडे बघते, सभ्यपणे, परक्या भाषेतलं कुणी बोलावं तसं. मग दुसरीकडे बघते. मी किंचाळले. खालून चष्मेवाला धावत वर आला. तिने त्याच्यासाठी दार उघडलं.

सासूबाईंना आता कळलंय. काय ते नाही, पण काहीतरी. म्हणाल्या की सूनबाई, हिला काय झालंय, मला खरं सांग. सांगितलं. त्या मला वेडी म्हणाल्या नाहीत. नातीच्या पायांशी बसल्या आणि पाय चेपत राहिल्या, ती तान्ही असताना चेपायच्या तसे.

एकाहत्तर.

दुपारी झोपली तेव्हा तिचा हात वर आला आणि माझ्या डाव्या कानाची पाळी धरली. अंगठा आणि पहिलं बोट. तान्ही असल्यापासून अशीच झोपते. नाव गेलं, मी गेले, माझा आवाज गेला. हे राहिलंय. सिस्टिमला सापडलं नाही अजून.

यादी पुन्हा पुन्हा बघते. कानाचं नाव त्यात नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

अठ्ठ्याऐंशी.

घास भरवला तर गिळते. चल म्हटलं की चालते, आजीने म्हटलं तर. एरवी दाराशी उभी राहते, हात सरळ, काम सांगायची वाट बघत. सहा वर्षांची पोर—

आज यादीत: रंग, सगळे. गाणी, सगळी. खोटं बोलणं. गुदगुल्या.

मी तिला गुदगुल्या करून पाहिल्या. नको होतं करायला.

कान आहे. दोनदा धरला.

मी विचार करते, एवढंच उरलं तरी चालेल मला. बाकी नवं असू दे. नाव नवं ठेवू. बोलायला नवं शिकवू, खुणांनी. फक्त हे एक राहू दे. पण सांगू कुणाला? ऐकणारा कुणी नाही तिथे. नुसती माझी फाईल आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारचे अडीच. दालनात आहे. भिंगरी मांडीवर, वही गुडघ्यावर. सासूबाई बरोबर आल्यात, बाहेर बसल्यात. अक्षर नीट येत नाही.

वायरमनने बोलावलं. म्हणाला, पूर्ण झाल्यावर करण्यासारखं काही उरणार नाही, जे करायचं ते आत्ता. साहेबांची परवानगी नाही. नोकरी गेली तर जाऊ दे म्हणाला. मुख्य खटक्याशी उभा आहे.

खटका पाडला तर जेवढी उरली तेवढी राहील, कदाचित. नाहीतर काहीच राहणार नाही, श्वाससुद्धा— यंत्र मरतं तेव्हा दिवाही लागत नाही. मी पाहिलंय.

नाही पाडला तर ती जगेल. धडधाकट. कुणाची तरी.

पंच्याण्णव. डोळे मिटलेत. कान धरलाय.

वायरमन विचारतो, पाडू का ताई.

मला विचारतोय. जिवंत माणूस, समोर उभा राहून, आत्ता विचारतोय, आणि मला—

शहाण्णव. धरलाय.

यादी खाली सरकतेय. आईच्या साडीचा वास. दूध. अंधार पोटातला. इतकं मागे गेलंय पुसणं. आता फारसं नाही.

सत्त्याण्णव. बोटं गरम आहेत.

सासूबाई दारापाशी आल्यात. आत यायला धजत नाहीत.

अठ्ठ्याण्णव. धरलाय. तो पुन्हा विचारतोय, लवकर सांगा म्हणतो, मी तोंड उघडते आणि—

नव्व्याण्णव. धरलाय अजून. अंगठा आहे, बोट आहे, दोन्ही आहेत, घट्ट—

अंगठा—